स्विचच्या पोर्टला दोन टोकं असतात

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. टिळक रस्त्यावरच्या एका सीएच्या ऑफिसातून फोन आला. टॅक्स ऑडिटचे दिवस, सगळे रात्री दहा-दहापर्यंत बसलेले. "सर्व्हरवरची फाइल उघडायला पाच मिनिटं लागताहेत. तेही एकाच टेबलावर. बाकी सगळ्यांचं झकास चाललंय." ऑगस्टमध्ये त्या टेबलावर नवा संगणक आला, तेव्हापासूनचं हे दुखणं. आधी येऊन गेलेल्या माणसाने केबल बदलली, पॅच कॉर्ड बदलली, भिंतीतलं सॉकेटही नव्याने पंच केलं. पिंग मारून, म्हणजे छोटी पॅकेटं पाठवून उत्तर येतंय का ते पाहिलं, तर एकही पॅकेट हरवत नव्हतं. मग "नेटवर्क ठीक आहे, संगणकातच दोष आहे," असं सांगून तो गेला.

दोष स्विचच्या, म्हणजे ऑफिसातले सगळे संगणक केबलने एकमेकांना जोडणाऱ्या डब्याच्या, एका पोर्टवर (केबल घालायच्या भोकावर) होता. कोणीतरी, बहुधा कित्येक वर्षांपूर्वी, त्या पोर्टवर दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या: स्पीड १००, ड्युप्लेक्स फुल. जुन्या संगणकावरही तेच लिहिलेलं असणार, म्हणून दोघांचं जमत होतं. जुना संगणक गेला आणि त्याच्याबरोबर त्या जुळणीतला अर्धा भागही गेला.

पोर्टची सेटिंग शिकताना हे आधी डोक्यात बसायला हवं. आपण स्विचसमोर बसून ओळी टाकत असतो, त्यामुळे आपण त्या चौकोनी भोकाला काहीतरी सांगतोय असं वाटतं. प्रत्यक्षात केबलच्या दोन टोकांना असलेल्या दोन यंत्रांचं आपसात काय ठरलंय, ते आपण लिहीत असतो. लिहितो मात्र एकाच टोकाला. दुसरं टोक टेबलाखाली, छतावरच्या कॅमेऱ्यात किंवा वरच्या मजल्यावरच्या स्विचमध्ये असतं, आणि त्याला आपण काय लिहिलं हे कळलेलं नसतं.

स्विच काय करतो, ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक क्रमांक असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. कोणत्या पोर्टवरून कोणता मॅक बोलला, हे स्विच ऐकून ऐकून शिकतो आणि एका तक्त्यात लिहून ठेवतो. पुढे त्या मॅकसाठी काही आलं की नेमक्या त्याच पोर्टवर पाठवतो. एखादा मॅक बराच वेळ बोललाच नाही (बहुतेक स्विचवर ३०० सेकंद), तर त्याचं नाव खोडतो. याआधी हब असायचे. हबमध्ये एकाचं बोलणं सगळ्यांच्या कानावर आदळायचं. अनेक पोर्टांचा पहिला इथरनेट (केबलवरच्या नेटवर्कची आज सगळीकडे चालणारी पद्धत) स्विच १९९० साली अमेरिकेत बाजारात आला. त्याला सात पोर्ट होते आणि तो काढणाऱ्या कंपनीचं नाव होतं 'कल्पना'. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी ती स्थापन केली होती आणि कल्पना हे भारद्वाजांच्या पत्नीचं नाव. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. स्विच शिकवायला बसलो की मी ही गोष्ट हमखास सांगतो. जगभरच्या रॅकमध्ये बसलेल्या या यंत्राच्या घराण्यात पहिलं नाव आपल्या ओळखीचं आहे, याचा मला खरंच आनंद वाटतो.

आणखी एक गोष्ट. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा पाच पोर्टांचा छोटा स्विच अनमॅनेज्ड असतो. त्यात सेटिंग नावाची गोष्टच नसते. पुढचं सगळं मॅनेज्ड स्विचबद्दल आहे. त्यात शिरायला कन्सोल केबल लागते किंवा आयपी ॲड्रेस देऊन ब्राउझरमधून जाता येतं. सिस्कोच्या स्विचवर पोर्टचं नाव 'गिगाबिटइथरनेट १/०/५' असं दिसलं की घाबरू नका. पहिला आकडा एकावर एक जोडलेल्या स्विचपैकी कितवा, मधला आतल्या मॉड्यूलचा, शेवटचा प्रत्यक्ष पोर्टचा.

वेग, आणि त्याहून घातक ड्युप्लेक्स

आता त्या सीएच्या ऑफिसात नक्की काय झालं, ते नीट पाहू. सगळ्यात जास्त चुकीचं निदान याच दुखण्याचं होतं.

हाफ ड्युप्लेक्स म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं. दुसरा बोलत असेल तर थांबायचं, आणि दोघं एकदम बोलले तर टक्कर झाली असं समजून दोघांनी गप्प बसून पुन्हा सुरुवात करायची. फुल ड्युप्लेक्स म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचं, थांबायची गरजच नाही. आजचं केबलवरचं जवळपास सगळं नेटवर्क फुल ड्युप्लेक्सवर चालतं.

केबल जोडल्यावर दोन्ही यंत्रं आधी आपापली ओळख सांगतात: मला १०, १००, १००० एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट) जमतं, फुल जमतं, हाफ जमतं. दोघांना जमेल त्यातलं सर्वांत चांगलं निवडलं जातं. हेच ऑटो-निगोशिएशन. पण एका बाजूला आपण 'स्पीड १००, ड्युप्लेक्स फुल' असं ठोकून बसवलं, की बऱ्याच यंत्रांवर ती बाजू ही ओळख सांगणंच बंद करते. समोरचा संगणक बिचारा वाट पाहतो. तारेवर येणाऱ्या सिग्नलवरून वेग १०० आहे एवढं त्याला कळतं. ड्युप्लेक्स मात्र सिग्नलवरून कळत नाही. अशा वेळी काय करायचं, हे मानकात ठरलेलं आहे: हाफ धरून चालायचं. म्हणजे आपण 'फुल' लिहिलं, आणि नेमकं त्यामुळेच समोरचा 'हाफ' झाला.

मग स्विच मनाला येईल तेव्हा बोलतो, कारण त्याच्या मते थांबायची गरज नाही. संगणक बोलत असताना स्विचचा आवाज आला की संगणकाला टक्कर झाली असं वाटतं आणि तो वाक्य अर्ध्यावर तोडतो. स्विचला अर्धवट वाक्य मिळतं, त्याची बेरीज जुळत नाही, आणि तो आपल्या खात्यात एक सीआरसी एरर टाकतो. पिंगमध्ये सेकंदाला एखादं छोटं पॅकेट जातं, त्यामुळे दोघांनी एकदम बोलायची वेळच येत नाही आणि पिंग स्वच्छ दिसतं. मोठी फाइल उघडली की दोन्हीकडून धो धो सुरू होतं आणि सगळं कोलमडतं.

खरी फसगत पुढे आहे. सीआरसी एरर खराब केबलमुळेही येतात. म्हणून तो आकडा पाहिला की माणूस केबल बदलतो. आधी आलेल्याने तेच केलं होतं आणि त्याला मी दोष देत नाही. फरक ओळखायची खूण अशी: स्विचच्या बाजूला सीआरसीबरोबर 'रंट', म्हणजे ६४ बाइटपेक्षा छोटे तुकडे, वाढत असतील आणि संगणकाच्या बाजूला 'लेट कोलिजन', म्हणजे उशिरा झालेल्या टकरी, वाढत असतील, तर ड्युप्लेक्स तपासा. फुल ड्युप्लेक्समध्ये टक्कर ही गोष्टच नाही. कोलिजनचा आकडा कुठेही हलताना दिसला, म्हणजे तिथे कोणीतरी स्वतःला हाफ समजतंय.

उपाय दोन शब्दांचा: दोन्हीकडे ऑटो. "ऑटोवर भरवसा ठेवू नका, वेग ठोकून द्या," असं शिकवणारे जुने लोक अजून भेटतात. १९९५ मध्ये १०० एमबीपीएसचं मानक आलं, तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांचं खरंच जमत नसे, त्यामुळे तेव्हा तो सल्ला चुकीचा नव्हता. आज तो धरून ठेवायचं कारण मला दिसत नाही. तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटमध्ये (१००० एमबीपीएस) तर ऑटो-निगोशिएशन सक्तीचंच आहे, कारण दोघांपैकी घड्याळ कोणाचं चालायचं हेदेखील त्याच बोलण्यात ठरतं. ठोकायचंच असेल तर दोन्ही टोकांना सारखं ठोका आणि कुठेतरी लिहून ठेवा. अनमॅनेज्ड स्विच कायम ऑटोवरच असतो, त्याच्यासमोर तर कधीच ठोकू नका.

ऑटो असूनही गिगाबिटच्या जागी १०० दिसत असेल, तर मात्र केबलकडेच जा. १०० एमबीपीएसला आठांपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवताना (क्रिंपिंगमध्ये) एक तार जरी नीट बसली नसेल, तरी बरेच स्विच गुपचूप १०० वर उतरतात. पेठांमधल्या जुन्या ऑफिसांत आणखी एक प्रकार सापडतो. केबल ओढायला जागा नव्हती, म्हणून एकाच केबलच्या आठ तारा चार-चार अशा वाटून दोन संगणक चालवलेले. ज्याने केलं त्याने त्या वेळची अडचण सोडवली. पण त्या केबलवर गिगाबिट कधीच येणार नाही, कितीही सेटिंग बदला.

व्हीलॅन, पिन कोडच्या आधाराने

व्हीलॅन समजावताना मी पोस्टाचा आधार घेतो. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, संस्कृतचे कवीही. कोड सहा आकड्यांचा, ४११०३०, पण पुण्यात आपण 'पुणे ३०' एवढंच म्हणतो आणि सदाशिव पेठ डोळ्यांसमोर येते. 'पुणे ३८' म्हटलं की कोथरूड.

समजा एका स्विचवर ऑफिसचे संगणक आहेत, कॅमेरे आहेत आणि पाहुण्यांचं वायफायही आहे. पाहुण्याच्या फोनला हिशेबाचा सर्व्हर दिसता कामा नये. म्हणून एकाच स्विचची तीन पेठांमध्ये वाटणी करायची: संगणकांना व्हीलॅन ३०, कॅमेऱ्यांना ३८, पाहुण्यांना ४. एका पेठेतलं दुसऱ्या पेठेत थेट जात नाही. जायचं असेल तर राउटरमधून, म्हणजे कोणाला सोडायचं आणि कोणाला नाही हे ठरवणाऱ्या नाक्यावरून.

संगणक ज्या पोर्टला जोडलाय तो 'ॲक्सेस' पोर्ट. त्याला एकच पेठ: 'स्विचपोर्ट मोड ॲक्सेस', मग 'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन ३०'. आपण कोणत्या पेठेत राहतो हे संगणकाला माहीतच नसतं. दारात पत्र देताना पोस्टमन पिन कोड वाचून दाखवत नाही, तसंच. एका मजल्यावरचा स्विच दुसऱ्या मजल्यावरच्या स्विचला जोडणारी केबल मात्र पोस्टाच्या गाडीसारखी. तिच्यात सगळ्या पेठांचं टपाल एकत्र, म्हणून प्रत्येक पाकिटावर पिन कोड हवाच. तो पोर्ट 'ट्रंक', आणि पाकिटावरचा कोड म्हणजे टॅग. १९९८ च्या ८०२.१क्यू मानकात तो चार बाइटांचा ठरला. त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी असतात, म्हणून क्रमांक ४०९६ होतात. पहिला आणि शेवटचा राखीव, वापरायला ४०९४.

मग नेटिव्ह व्हीलॅन म्हणजे काय? गाडीत एखादं पाकीट पिन कोडशिवायच आलं, तर ते कोणत्या पेठेचं धरायचं, याचं आधी ठरलेलं उत्तर. एका टोकाला नेटिव्ह ३० आणि दुसऱ्या टोकाला ३८ लिहिलं असेल, तर इकडून निघालेलं बिनकोडाचं पाकीट तिकडे कोथरूडमध्ये पोहोचतं. बऱ्याच स्विचवर यात लिंक पडत नाही, दिवा हिरवाच राहतो, फक्त टपाल चुकीच्या घरी जातं. म्हणून ट्रंक लिहिताना मी दोन्ही स्विचच्या खिडक्या स्क्रीनवर शेजारी-शेजारी उघडून बसतो आणि एकेक ओळ ताडून पाहतो. तीन गोष्टी जुळायला हव्यात: मोड, नेटिव्ह, आणि कोणकोणत्या व्हीलॅनना परवानगी आहे ती यादी.

त्या यादीतच सिस्कोच्या स्विचवरचा सगळ्यात महागडा शब्द लपलेला आहे. आधी ३० आणि ३८ ला परवानगी आहे, आता पाहुण्यांचा ४ घालायचाय. 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४' असं लिहिलं, तर ४ यादीत जमा होत नाही, तर जुनी यादी पुसून एकट्या ४ ची नवी यादी होते. ३० आणि ३८ त्याच क्षणी बंद. लिहायला हवं होतं 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ४'. हा 'ॲड' राहून गेल्यामुळे एका इमारतीचे दोन मजले भर दुपारी बंद पडलेले मी पाहिले आहेत. ज्या मुलाने ती ओळ टाकली त्याला काय झालं हेच कळेना, कारण त्याचं स्वतःचं कनेक्शनही त्याच ट्रंकवरून येत होतं.

दोन कंपन्यांचे स्विच जोडताना शब्दांनीही घोळ होतो. एचपीच्या जुन्या प्रोकर्व्ह स्विचवर 'ट्रंक' म्हणजे अनेक केबली एकत्र बांधून केलेली एक जाड लिंक. सिस्को ज्याला ट्रंक म्हणतो, त्याला तिथे पोर्ट 'टॅग्ड' करणं म्हणतात आणि ॲक्सेसला 'अनटॅग्ड'. फोनवरून दोन माणसं दोन टोकांना काम करत असतील, तर "ट्रंक केलास का?" असं विचारू नका. "तिसाला टॅग आहे का?" असं विचारा.

टेबलावर आयपी फोन आणि त्याच्या मागून संगणक जोडलेला असेल, तर एकाच पोर्टवर दोन पेठा लागतात: संगणकाची बिनटॅगची आणि फोनची टॅगवाली. त्यासाठी व्हॉइस व्हीलॅनची वेगळी ओळ असते. फोनला आपल्या व्हीलॅनचा क्रमांक स्विचकडूनच कळतो, त्यामुळे फोनवर जाऊन काही करावं लागत नाही.

दिवाळीची साफसफाई आणि लूप

दरवर्षी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात असा फोन येतोच: "सगळंच बंद पडलंय." गेल्यावर दिसतं की झाडताना एक पॅच कॉर्ड लोंबकळताना दिसली आणि कोणीतरी नीटनेटकेपणाने तिचं मोकळं टोक रिकाम्या पोर्टमध्ये बसवून ठेवलं. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. झाला लूप.

इथरनेटच्या फ्रेमवर, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाकिटावर, 'मी किती वेळा फिरलो' हे मोजणारा आकडा नसतो. आयपीच्या पॅकेटवर तो असतो, इथरनेटच्या फ्रेमवर नाही. त्यामुळे सगळ्यांसाठी असलेली एखादी हाक, म्हणजे ब्रॉडकास्ट, लूपमध्ये शिरली की फिरतच राहते. प्रत्येक फेरीत तिच्या प्रती बाकीच्या सगळ्या पोर्टांवर जातात आणि काही सेकंदांत सगळी जागा व्यापून टाकतात. रॅककडे पाहिलं तर सगळे दिवे एका तालात लुकलुकताना दिसतात. एकदा पाहिलं की ते दृश्य विसरत नाही.

यावरचा इलाज रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना शोधला: स्पॅनिंग ट्री. स्विच एकमेकांना बीपीडीयू नावाच्या छोट्या चिठ्ठ्या पाठवतात. आपलीच चिठ्ठी फिरून परत आली किंवा दुसऱ्या वाटेनेही येऊ लागली, की जास्तीची वाट बंद करतात. हे करायला जुन्या पद्धतीत पोर्ट आधी १५ सेकंद ऐकतो, मग १५ सेकंद शिकतो, आणि त्यानंतरच रहदारी सोडतो.

हे अर्धं मिनिट त्रासाचं ठरतं. आजचा संगणक त्याच्या आत सुरू होऊन आयपी ॲड्रेस मागू लागतो, उत्तर येत नाही, आणि तो १६९.२५४ ने सुरू होणारा स्वतःचाच ॲड्रेस घेऊन बसतो. "सकाळी नेट लागत नाही, केबल काढून घातली की लागतं" ही तक्रार बऱ्याचदा यातूनच येते. ज्या पोर्टच्या दुसऱ्या टोकाला संगणक, प्रिंटर किंवा कॅमेरा आहे, तिथे 'पोर्टफास्ट' लावायचं, मग पोर्ट लगेच उघडतो. दुसऱ्या टोकाला स्विच असेल तिथे अजिबात नाही.

पोर्टफास्ट लावलं की त्याच्या सोबत 'बीपीडीयू गार्ड' लावाच. "या टोकाला संगणक आहे," असं आपण स्विचला सांगितलंय. तरी तिथून बीपीडीयू आली, तर आपण सांगितलं त्यात काहीतरी खोटं निघालंय. तेव्हा स्विच तो पोर्ट तिथल्या तिथे बंद करतो, स्थिती दिसते 'एररडिसेबल्ड'. टेबलाखाली कोणी पाच पोर्टांचा छोटा स्विच लावून त्यातच लूप केला, तर आपल्याच स्विचची चिठ्ठी बहुतेक वेळा फिरून परत येते आणि गार्ड पकडतो. काही स्वस्त स्विच मात्र ही चिठ्ठी गिळून टाकतात. त्यांच्यासाठी 'स्टॉर्म कंट्रोल' ठेवायचं, म्हणजे ब्रॉडकास्ट ठरावीक मर्यादेपुढे गेलं की अडवायचं.

बंद पडलेला पोर्ट 'शटडाउन' आणि मग 'नो शटडाउन' दिलं की पुन्हा सुरू होतो. पण ते करण्याआधी उठून दुसऱ्या टोकाला काय आहे ते बघून या.

केबलमधून वीज

वारज्यातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन होता. "अहो, कॅमेरे रात्रीच बंद पडतात. दिवसा सगळे चालू. रात्री उपयोग नाही, तर बसवले कशाला?"

"काका, अंधार पडला की पडतात का, की ठरावीक वेळेला?"

"अंधार पडला की. सगळे नाही पडत, शेवटचे दोन. कधी तीन."

एवढ्यावरून अंदाज आला होता. आठ पोर्टांचा पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच यंत्राला वीज देणारा), त्यावर सात कॅमेरे. स्विचची एकूण ताकद ६० वॅट. दिवसा एकेक कॅमेरा पाच-सहा वॅट घ्यायचा, तेव्हा भागत होतं. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तोच कॅमेरा नऊच्या पुढे जातो. साता नवे त्रेसष्ट. स्विचने शेवटच्या पोर्टांची वीज तोडली.

पीओई स्विच घेताना खोक्यावर दोन आकडे असतात आणि आपण फक्त पहिला वाचतो. पहिला पोर्टचा: २००३ च्या मानकात १५.४ वॅट, २००९ च्या मानकात ३०, आणि २०१८ पासून ९० पर्यंत. केबलमध्ये थोडी वीज वाटेतच जाते, म्हणून १५.४ मधले १२.९५ आणि ३० मधले २५.५ वॅट यंत्राला मिळतील असं धरतात. दुसरा आकडा सगळ्या पोर्टांचा मिळून. २४ पोर्टांच्या अनेक स्विचवर तो ३७० असतो, म्हणजे सगळ्या पोर्टांना १५.४ पुरते, पण ३० चे बाराच. शिवाय काही स्विच यंत्र प्रत्यक्ष किती घेतंय ते न पाहता त्याच्या वर्गाप्रमाणे पूर्ण वीज राखून ठेवतात, त्यामुळे कागदावर शिल्लक असूनही नव्या कॅमेऱ्याला नकार मिळतो. प्रत्येक पोर्टला प्राधान्य लावता येतं. सोसायटीत आम्ही गेटच्या आणि पार्किंगच्या कॅमेऱ्यांना सर्वांत वरचं प्राधान्य दिलं, आणि गच्चीवरचे दोन वेगळ्या इंजेक्टरवर, म्हणजे केबलमध्ये वीज घालणाऱ्या स्वतंत्र डब्यावर, नेले.

"या पोर्टला लॅपटॉप लावला तर जळेल का?" असं फार लोक विचारतात. नाही. मानकाप्रमाणे चालणारा स्विच आधी थोडासा दाब देऊन समोर साधारण २५ किलोओहमचा रोध आहे का ते तपासतो. तो फक्त पीओईवर चालणाऱ्या यंत्रात असतो. तो सापडल्याशिवाय वीज सोडतच नाही. म्हणजे इथेही दोन टोकांचं आधी ठरतं. काही स्वस्त इंजेक्टर मात्र काहीही न विचारता सरळ वीज ढकलतात, त्यांना पॅसिव्ह म्हणतात. त्यांच्यावर चिठ्ठी चिकटवून ठेवा.

उरलेलं

पोर्ट सिक्युरिटीवर मी थोडंच सांगेन. या पोर्टवर किती मॅक ॲड्रेस चालतील हे ठरवायचं: एकटा संगणक असेल तर एक, फोन आणि संगणक असतील तर किमान दोन. जास्त आले तर स्विचने काय करायचं त्याचे तीन मार्ग: गुपचूप अडवणं, अडवून नोंद करणं, किंवा पोर्टच बंद करणं. छोट्या ऑफिसात मी मधला निवडतो. तिसऱ्या मार्गात कोणी स्वतःचा लॅपटॉप लावला की पोर्ट बंद होतो, आणि पुढचा तास खरा मालक काम सोडून बसतो. जिथे खरोखर कडक पहारा हवा, तिथे मॅकवर विसंबू नका, कारण मॅक बदलता येतो. तिथे ८०२.१एक्स लावून माणसाची किंवा यंत्राची ओळखच तपासावी.

न वापरलेले पोर्ट 'शटडाउन' करून कशालाच न जोडलेल्या एका व्हीलॅनमध्ये टाका. दिवाळीच्या साफसफाईत घातलेली पॅच कॉर्ड मग निरुपद्रवी ठरते.

आणि 'डिस्क्रिप्शन' लिहा. ती ओळ नेटवर्कच्या कामात काहीही बदलत नाही, म्हणून सगळे ती सोडून देतात. मला मात्र सगळ्या सेटिंगमध्ये हीच सर्वांत मोलाची वाटते. दुसरं टोक कुठे आहे, हे स्विचमध्ये लिहून ठेवायची तेवढीच एक जागा आहे. रोमन लिपीत लिहावं लागतं, पण मराठीतच लिहा: पहिला मजला, खिडकीजवळचं टेबल, सॉकेट बारा. त्या सीएच्या ऑफिसात पोर्टवर एवढं जरी लिहिलेलं असतं, तरी संगणक बदलणाऱ्याने त्या दोन ओळींकडे पाहिलं असतं.

दूर बसून पोर्ट बदलताना आपण ज्या वाटेने आत आलोय ती वाट आधी ओळखा. कोथरूडच्या घरून हिंजवडीच्या एका स्विचवर काम करताना मी एकदा अपलिंकवरच, म्हणजे ज्या पोर्टवरून मी आत आलो होतो त्यावरच, चुकीची ओळ टाकली आणि माझंच कनेक्शन तुटलं. प्रत्यक्ष तिथे जावं लागलं. संध्याकाळी साडेसहाला भूमकर चौकातून पलीकडे जायचं म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको. तेव्हापासून मी आधी 'रीलोड इन १०' देतो. दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होतो आणि सेव्ह केलेल्या जुन्या सेटिंगवर परत येतो. बदल नीट झाला तर 'रीलोड कॅन्सल'. मधल्या दहा मिनिटांत सेव्ह मात्र करायचं नाही.

सिस्कोवर दोन प्रती असतात: चालू असलेली 'रनिंग-कॉन्फिग', आणि सुरू होताना वाचली जाणारी 'स्टार्टअप-कॉन्फिग'. आपण टाकलेली ओळ लगेच पहिलीत जाते. दुसरीत ती 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' दिल्यावरच जाते.

टिळक रस्त्यावरच्या त्या ऑफिसात मी पोर्टवर 'स्पीड ऑटो', 'ड्युप्लेक्स ऑटो' टाकलं, एररचे आकडे शून्यावर आणले आणि संध्याकाळपर्यंत पाहिलं: सीआरसी शून्य, रंट शून्य. फाइल टिचकीसरशी उघडत होती. मी निघालो. पुढच्या गुरुवारी महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवली. रॅकचा यूपीएस तासाभराने संपला, आणि दुपारी वीज आल्यावर फोन वाजला: "परत पाच मिनिटं लागताहेत." मी सेव्ह केलं नव्हतं. तासाभरात पोहोचलो, त्याच दोन ओळी पुन्हा टाकल्या आणि या वेळी सेव्ह केल्या. डिस्क्रिप्शन लिहिलं. पूर्ण कॉन्फिगरेशन त्यांच्याच सर्व्हरवर एका फाइलमध्ये ठेवलं आणि फाइलच्या नावात तारीख घातली. मग स्विचचा प्लग काढला, पुन्हा लावला, आणि त्या टेबलाशी जाऊन फाइल उघडून पाहिली.